उसवलेल्या शिलाया

पन्नाशी ओलांडल्यावर जयवंतानं पहिल्यांदा केस खांद्यापर्यंत कापले आणि मेंदी लावणंही सोडून दिलं. रुपेरी बटा कपाळावर मोकळ्या आल्या तेव्हा विमा कार्यालयातली तिची तरुण सहकारी नूपुर म्हणाली, "ताई, याच्यावर आता त्या कडक स्टार्चच्या साड्या नाही जमत." रविवारी दोघी सीताबर्डीच्या बाजारात फिरल्या. जयवंतानं अंगात नीट बसणारे लांब कुर्ते घेतले, सरळ पँट घेतल्या, चांदीचे झुमके, नाजूक पट्ट्याचे सँडल. लग्न होऊन सावनेरहून नागपूरला आल्यापासून कपडा तिनं रंग जाणार नाही ना, एवढंच पाहून घेतला होता. आता चालताना मान आपोआप ताठ राहत होती.

तिचा नवरा चंद्रभान कोळसा खाणीत फिटर होता. निवृत्तीनंतर तो मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर घरीच असायचा. हात मोठा सफाईदार. शेजाऱ्यांचे मिक्सर, पंखे, घड्याळं तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. जयवंता नवे कपडे घालून पुढ्यात उभी राहिली तेव्हा त्यानं पेपर खाली केला.

"चांगलं दिसते," तो म्हणाला. "ऑफिसात असंच जाशीन?"

"हो. काहून?"

"काही नाही वं. सहज इचारलं."

पंधरवड्यातच पहिल्या कुर्त्याची शिलाई बगलेत सुटली. माल हलका असेल, असं म्हणून तिनं टाके घातले. मग दुसऱ्याची बाजू गेली. मग एका सकाळी ऑफिसचा जिना उतरताना सँडलचा पट्टा निघाला आणि ती तीन-चार पायऱ्या घसरत खाली आली. कठड्याला हात लागला म्हणून वाचली. गुडघा सुजला. चंद्रभाननं संध्याकाळी हळद गरम करून लावली, पाय मांडीवर घेऊन हळूहळू दाबला.

"आता काही दिवस सुटी घे," तो म्हणाला. "मी हाओ न घरी."

त्याला एवढं प्रसन्न तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

कपडे सुटतच राहिले. धुणं-भांडी करणारी कामिनी कपडे आपटून धुते, असं चंद्रभाननं दोनदा सुचवलं. कामिनी शपथा घेत होती, रडत होती, तरी जयवंतानं तिला काढून टाकलं. त्यानंतर कपडे चंद्रभानच धुऊ लागला. इस्त्रीही तोच करायचा. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, असा नवरा नशिबानं मिळतो.

कार्यालयातल्या साहेबांच्या निरोप समारंभाचं सूत्रसंचालन जयवंताकडे आलं. तिनं निळी पँट आणि वर आखूड पांढरा कुर्ता घातला. बोलली छान. शेवटी साहेबांच्या पायाशी ठेवलेली पुष्पगुच्छाची टोपली उचलायला ती वाकली, आणि पँट मागून कमरेपासून खालपर्यंत उघडली. मागच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं. नूपुर धावत आली, आपली ओढणी तिच्या कमरेभोवती गुंडाळून तिला बाहेर घेऊन गेली.

बाथरूममध्ये जयवंता भिंतीला टेकून उभी होती. नूपुर खाली बसून पँटच्या शिवणीचा काठ बोटांत धरून पाहत होती.

"ताई, हे फाटलं नाही," ती म्हणाली. "हे पाहा. धागा ब्लेडनं कापलाय. थोडं सोडून, पुन्हा कापलाय. वरून दिसू नये असा."

"धुताना गेलं असेल..."

"ताई, तुमच्या घरी अजून कोण आहे?"

भर दुपारी जयवंता रिक्षानं घरी आली. आपल्याच घराचं लॅच तिनं चावीनं, आवाज न करता उघडलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. आतून गुणगुणणं ऐकू येत होतं.

चंद्रभान पलंगावर मांडी घालून बसला होता. डोळ्यांवर घड्याळ दुरुस्तीचं भिंग. मांडीवर तिचा वाईन रंगाचा ड्रेस, सावनेरला भाचीच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी घेतलेला, अजून एकदाही न घातलेला. बाजूच्या ताटलीत धाग्यांचे बारीक तुकडे. ब्लेड त्यानं खाली ठेवलं नाही.

"लवकर आली?"

कमरेची ओढणी तिनं घट्ट धरली.

"सुटली वाटते पँट," तो म्हणाला. "लोक हासले असतीन."

"तुम्ही? इतके दिवस तुम्हीच करून राहिले?"

"तू साडीत होती तवा तुह्याकडं कोनी पाह्यत नव्हतं, जयवंता. मले झोप लागत होती."

"आणि सँडल? मी जिन्यावरून पार खाली पडली असती तर? हातपाय मोडले असते तर?"

"मोडले असते त घरी राह्यली असती." त्यानं भिंग कपाळावर सरकवलं आणि तिच्याकडे मायेनं पाहिलं. "म्या केलं असतं न तुहं सारं. खाऊ घातलं असतं, न्हाऊ घातलं असतं. बस. काहून उभी आहेस? चहा ठेवतो."

तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. भांड्याचा आवाज आला. जयवंतानं खुंटीवरून स्कूटीची चावी घेतली.

"स्कूटी नेतेस का?" आतून तो म्हणाला. "ने. ब्रेक मी कालच पाह्यले."

चावी तिच्या हातातून टेबलावर पडली. ती तशीच, पर्स आणि मोबाईल घेऊन, जिना उतरली. प्रत्येक पायरीवर कठडा धरून.

नंदनवन वस्तीतल्या नूपुरच्या घरी गेल्यावर तिनं पुण्याला मिनलला फोन लावला. मुलगी बारावीनंतर शिकायला गेली ती तिकडेच नोकरीला लागली होती. सणालाही धड यायची नाही. आईशी मोजकं बोलायची. जयवंतानं अडखळत सगळं सांगितलं.

"मिनल? आहेस का वं?"

"आई," मिनल म्हणाली, "अकरावीत असताना माझा पिवळा ड्रेस स्टेजवर सुटला होता, आठवतं? त्याच्या आधी फ्रॉक, स्कर्ट. घरात सुई-कात्री तुझ्याच हातात असायची. मला वाटायचं, तू करतेस."

जयवंता खाली बसली.

"म्हणून गेली का तू?"

"हो."

मिनल पहिल्या गाडीनं आली. कागदपत्रं आणायला दोघी मनीषनगरला गेल्या, नूपुरचे वडील सोबत होते. चंद्रभाननं हसत दार उघडलं. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायला तो पुढे झाला, ती मागे सरली. आत कपाट सताड उघडं होतं. जयवंताचा एकेक कुर्ता, एकेक पँट त्यानं इस्त्री करून रंगानुसार हँगरला लावली होती. शिवण कुठंही सुटलेली दिसत नव्हती.

"सारे पक्के करून ठेवले," तो म्हणाला. "घालून त पाह्य."

मिनलनं आईचा दंड धरला. जयवंतानं खणातून आपली कागदपत्रं तेवढी काढून घेतली. कपाटातल्या एकाही कपड्याला हात लावला नाही.

त्या खाली उतरून रिक्षात बसल्या, तरी चंद्रभान गॅलरीत उभा होता, शेजाऱ्यांना सांगत होता, मायलेकी साक्षगंधाच्या खरेदीला निघाल्या म्हणून.