करवानकाची हाक

आसावरीला पक्ष्यांचे आवाज टिपायचं वेड लागलं ते दोहाला आल्यावर. नाशिकला असताना चिमणी आणि साळुंकी यापलीकडे तिला फारसं काही ओळखता येत नव्हतं. बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर एकटी असायची. नवरा मिहीर वर्ल्ड कपच्या एका स्टेडियमवर एसीच्या कामात, आठ वर्षांची शाल्मली शाळेत. मग अनंतराव भेटले. बँकेतून निवृत्त होऊन मुलाकडे अल रय्यानला राहायला आलेले. दर शुक्रवारी चार-पाच मराठी घरांना पक्षी दाखवायला न्यायचे. "दुर्बिणीत तुला काही दिसत नाही, पण कान चांगला आहे तुझा," असं म्हणून त्यांनीच तिला रेकॉर्डर घ्यायला लावला.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी त्यांनी फक्त तिला आणि शाल्मलीला शहराबाहेरच्या एका चाऱ्याच्या शेतावर नेलं. उन्हं उतरली तसा शेताच्या कडेच्या खडकाळ पट्ट्यातून एक पक्षी ओरडला, मग दुसरा. उंच, थरथरती शीळ. आसावरीने रेकॉर्डर चालू केला. शाल्मलीला हसू आलं आणि तिने तोंडावर हात दाबला.

"करवानक," अनंतराव कुजबुजले. "इथले लोक करवान म्हणतात. पण आसावरी, हे आपल्यातच ठेव हं. शिकारीचा मोसम चालू आहे. ससाण्यानं मारलेलं चालतं, पण हल्ली स्पीकरवर आवाज लावून बोलावतात यांना. कायद्यानं बंद आहे, तरी लावतात."

"नाही सांगणार काका," ती म्हणाली.

जागा तिने खरोखरच कुणाला सांगितली नाही. पण पुढच्या आठवड्यात मिहीरच्या ऑफिसचं फॅमिली डिनर होतं. मिहीरचा मॅनेजर नासेर स्वतः तिच्या टेबलापाशी आला. मिहीरने कौतुकानं तिच्या छंदाचा विषय काढला आणि तिने फोनवर करवानकाचा आवाज ऐकवला. नासेर डोळे मिटून ऐकत राहिला. "माझे आजोबा हा आवाज काढायचे," तो म्हणाला. "मला पाठवाल? घरी ऐकायला."

इतक्या मोठ्या माणसानं आपल्याकडे काही मागावं याचं तिला अप्रूप वाटलं. मिहीर तर परत येताना गाडीत शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी नासेरचा मेसेज आला. वारा आणि बोलणं काढून टाकता येईल का? आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा, सलग अर्धा तास?

आसावरी मेसेज वाचून क्षणभर थांबली. मग लॅपटॉप उघडून बसली. दुपारभर खपून तिने वारा पुसला, अनंतरावांचं कुजबुजणं कापलं आणि शीळ शीळेला जोडत गेली. मिहीरला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "प्रोफेशनल झालंय एकदम." तिने फाईल पाठवून दिली.

जानेवारीत नासेरने आपल्या टीममधल्या कुटुंबांना वाळवंटातल्या हिवाळी तंबूवर बोलावलं. गालिचे, वेलदोड्याचा वास असलेला काहवा, मुलांसाठी उंटावरची फेरी. सूर्य कलल्यावर नासेर म्हणाला, "यल्ला, चला, गंमत दाखवतो." सगळे गाड्यांच्या आडोशाला उभे राहिले. समोर काटेरी झुडपांच्या रांगेत कुणीतरी जाऊन आलं आणि झुडपांतून करवानक ओरडायला लागले.

आसावरीने वळून आकाशाकडे पाहिलं. पक्षी दिसेना. शीळ पुन्हा आली, आणि तिच्या शेवटाला एक बारीक, दाबलेलं हसू. हेडफोनमध्ये तिला ते जाणवलंच नव्हतं. इथे, मोठ्या स्पीकरवर, मोकळ्या माळावर ते स्वच्छ ऐकू येत होतं.

"मम्मा!" शाल्मली आनंदानं ओरडली. "That's me!"

"श्श," आसावरी म्हणाली. तिचे कान तापले.

पश्चिमेकडून दोन करवानक जमिनीलगत उडत आले. झुडपांजवळ उतरले, लांब पायांवर उभे राहून माना वळवून बघू लागले. कोण बोलावतंय ते शोधत असावेत. नासेरच्या भावानं ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली. पुढचं फार लवकर झालं. एक उडाला तो गेला. दुसरा धुळीत फडफडला आणि निपचित झाला. आणि स्पीकर चालूच होता. मेलेल्या पक्ष्याच्या शेजारी शीळ आणि हसू, शीळ आणि हसू.

नासेर पक्षी हातात घेऊन आला. "शुक्रन, सिस्टर," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "असा आवाज बाजारात मिळत नाही. माझे मित्रसुद्धा मागून नेतात." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि आसावरी हसली. "युअर वेलकम" म्हणाली.

परतताना शाल्मली मराठीत बोलली, जे ती क्वचितच करायची. "त्याला वाटलं का मी त्याची फ्रेंड आहे?"

मिहीर रस्त्याकडे बघत राहिला.

दोन दिवसांनी ती अल रय्यानला गेली आणि अनंतरावांना सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "कशासाठी हवंय ते तुला कळलं नव्हतं?"

'नाही' हा शब्द अगदी ओठांवर होता. "कळलं होतं," ती म्हणाली. "अर्धा तास म्हणाले तेव्हाच. मी विचारलं नाही."

अनंतरावांनी चष्मा काढून पुसला. "मला हे कळवावं लागेल पर्यावरण खात्याकडे. तू स्वतः सांगितलंस तर ते ऐकतील. नाव देऊ तुझं?"

"मिहीरला विचारून सांगते, काका."

मिहीर चिडला नाही. जेवता जेवता शांतपणे म्हणाला, "नोव्हेंबरात वर्ल्ड कप आहे. त्यानंतर कुणाला ठेवायचं ते नासेर ठरवणार. नाव नको देऊ." आणि ते ऐकल्याबरोबर आसावरीला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच तिला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटत राहिली, तंबूवरच्या हसण्यापेक्षाही.

तिने फोन केला. "काका, माझं नाव नको."

"बरं," अनंतराव म्हणाले. मग नेहमीच्याच आवाजात त्यांनी सांगितलं की येत्या शुक्रवारी सगळे अल खोरकडे फ्लेमिंगो बघायला जाणार आहेत, शाल्मलीला आवडेल, पहाटे खाली उभ्या राहा.

ती येते म्हणाली, आणि गेली नाही.