चर्चला उतरा

आमच्या टोरांटोत क्वीन रस्त्याच्या ट्रामवर मी एकतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस इन्स्पेक्टर म्हणून. इन्स्पेक्टरचं काम सांगायला सोपं. चौकात उभं राहायचं, हातातल्या कागदाकडे बघायचं, आणि उशिरा आलेली गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरवायची. वेळापत्रक सुधारतं. आतले साठसत्तर लोक मात्र रस्त्यावर येतात, त्यांना सांगायचं, "मागे दुसरी गाडी येतेच आहे." ती येत असेच असं नाही. पण हे वाक्य मी झोपेतही बोलायचो, असं माझी बायको सांगायची.

या जूनमध्ये माझ्या भाचीचं, लिडियाचं, लग्न होतं. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले. त्यामुळे लग्नात तिला हाताला धरून चर्चच्या आत वेदीपर्यंत कुणी न्यायचं, यावरून घरात दोन महिने धुसफूस चालली होती. माझी बहीण झुल्मिरा म्हणत होती, काकाने न्यावं, तो वडिलांच्या रक्ताचा. काका म्हणजे वाल्तेर. त्याचा भाड्याच्या आलिशान मोटारींचा धंदा आहे आणि तोही त्या मोटारींसारखाच लांब आणि चकचकीत आहे. लिडिया म्हणाली, मामाच नेणार. का, ते मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला तिथेच रडू फुटलं असतं. पोरीला दर शनिवारी ट्रामच्या पहिल्या बाकावर बसवून मी गावभर फिरवलं होतं. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

झुल्मिराने अट घातली. लग्न दोनचं, तीनला तिथेच दुसऱ्या कुणाचं लग्न ठरलेलं, आणि फादर बेंतो घड्याळाचे पक्के. "सव्वादोनला अदेलिनो दारात दिसला नाही तर वाल्तेर नेईल," ती म्हणाली; अदेलिनो म्हणजे मी. "सगळ्या शहराला उशीर करून हा माणूस पेन्शन खातोय."

वाल्तेरने मोठ्या मनाने मोटार पाठवायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. मी राहतो शहराच्या पूर्व टोकाला, चर्च पश्चिमेला, आमच्या पोर्तुगीज वस्तीत. मधे सरळ क्वीनची ट्राम. एकतीस वर्षं त्या रुळांचं अन्न खाल्लेला माणूस वाल्तेरच्या मोटारीतून उतरणार? रस्ता खणून ठेवलाय, गाड्या आडवाटेने जातायत, असं लिडियाने दोनदा बजावलं. थांब्यावर पिवळा कागदही लावला होता. तो मी वाचला नाही. असले कागद पूर्वी मीच लिहायचो, त्यामुळे त्यांच्यावर किती विसंबायचं ते मला ठाऊक होतं.

शनिवारी साडेबाराला, कोटाला फूल लावून, मी ट्राममध्ये बसलो. नदी ओलांडेपर्यंत सगळं छान चाललं आणि मग गाडी थांबली. चालवणाऱ्या बाईने सांगितलं की पुढे वरची तार तुटलीय, आडवाटेलाही आता आडवाट शोधावी लागणार, आणि आपण नेमके कुठून जाणार हे तिलाही कळायचंय. लोक कुरकुरू लागले. शेजारी बसलेल्या बाईंना मी समजावलं की असं होतच असतं, धीर धरावा. त्यांनी माझ्या फुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय, नटूनथटून बसलाय. मला कामावर जायचंय."

एक वाजून गेल्यावर मी लिडियाला फोन लावला. तिच्याकडे केस विंचरणाऱ्या बायकांचा कलकलाट, माझ्याकडे ट्रामची घंटा. मी ओरडून विचारलं की गाडी भलत्याच वाटेने जाणारेय, तर उतरू कुठे?

"मामा, अधेमधे कुठेही उतरू नका," ती म्हणाली. "चर्चला उतरा. बस्स."

यात न समजण्यासारखं काही नाही, हे मला मान्य आहे. लहान मुलालाही समजलं असतं. पण क्वीनला चर्च नावाचा एक रस्ता छेदतो. तिथे ट्राम वळवता येते, म्हणून अर्ध्यावरून फिरवलेल्या गाडीच्या कपाळावर 'चर्च' अशी पाटी लागते. त्या कोपऱ्यावर मी एकोणीस वर्षं ऊन, बर्फ आणि शिव्या खाल्ल्या. झुल्मिरा बोलली असती तर ती पोर्तुगीजमध्ये 'इग्रेजा' म्हणाली असती आणि सगळं सुरळीत पार पडलं असतं. लिडिया इथे जन्मलेली, ती बोलली इंग्रजीत. देवाचं घर माझ्या मनातही आलं नाही. मी धरून चाललो की त्या कोपऱ्यावर मोटार येणार आणि मला घेऊन जाणार. पोरीने अडचणीत काय झटकन मार्ग काढला, असं कौतुकही वाटलं.

सरपटत सरपटत गाडी तिथे पोचली तेव्हा दीड वाजून गेला होता. माझ्या जागी आता डॉर्कस उभी असते. ती जमैकाची, कामाला खमकी, माझ्याच हाताखाली शिकलेली. तिने फुलाची चौकशी केली, लग्न कुठे आहे ते विचारलं. मी सांगितलं. मग तुम्ही इथे काय करताय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, चर्चला थांबायचं ठरलंय.

डॉर्कसने हातातला कागद खाली केला. "कुठल्या चर्चला?" ती म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं. पावणेदोन झाले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर बैलही मीच होतो.

तारेवर सगळं ढकलणं सोपं होतं. ट्राम अडकली म्हटलं की या शहरात पुरावा कुणी मागत नाही. पण लिडियाशी मी कधी खोटं बोललो नव्हतो आणि आजच सुरुवात करायची लाज वाटली. फोन लावला आणि सांगून टाकलं, "मी चर्च रस्त्यावर उभा आहे. तू म्हणालीस ते मी माझ्या खुळ्या डोक्याने ऐकलं. चूक माझी आहे, पोरी. तू वाल्तेरबरोबर जा आत."

ती म्हणाली, "मामा, तिथेच थांबा. काकांना मोटार घेऊन पाठवते."

शेवटी वाल्तेरचीच मोटार. मी त्या कोपऱ्यावर मान खाली घालून उभा राहिलो. तेवढ्यात पश्चिमेकडून एक भरलेली गाडी आली, कपाळावर 'चर्च'. डॉर्कसने ती इथूनच परत फिरवायची ठरवली होती. लोक उतरू लागले, ओरडू लागले, आणि मला काय झालं कोण जाणे, सवयीने तोंडातून गेलं, "मागे दुसरी गाडी येतेच आहे."

हातात पिशव्या घेतलेली एक म्हातारी गर्रकन वळली. "हा आवाज मी ओळखते," ती म्हणाली. "तूच ना तो? अजून आहेस होय?"

मी आहे म्हणून मान हलवली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, बाई खरं बोलत होती. डॉर्कसने माझा दंड धरून मला दाराकडे ढकललं. ही गाडी आता रिकामी, थेट तुमच्या वस्तीपर्यंत परत जाणार, आणि आडवाटेचा खालचा रस्ता नुकताच मोकळा झालाय, असं ती म्हणाली. साठ लोकांच्या डोळ्यांदेखत मी एकटा आत चढलो. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. त्यांना उतरवलं म्हणून मला गाडी मिळत होती, आणि तरी मी चढलो.

थांब्यावरून चर्चपर्यंत मी पळालो. बासष्टाव्या वर्षी पळणं म्हणजे काय ते सांगत नाही. दोन वाजून बावीस मिनिटं. सात मिनिटं उशीर, म्हणजे सगळं संपलं, असं समजूनच मी पायऱ्या चढलो.

दारात लिडिया पांढऱ्या पोशाखात उभी होती आणि झुल्मिरा फोनवर कुणालातरी झापत होती. फोनच्या पलीकडे वाल्तेर होता. दोन खड्ड्यांच्या मधे त्याची मोटार अडकली होती. लांबलचक असल्यामुळे वळवता येत नव्हती आणि पुढे ट्रामची रांग लागली होती. झुल्मिराने फोन बंद केला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, फूल सरळ केलं आणि म्हणाली, "बघतोयस काय? धर तिचा हात."

बाजा सुरू झाला, आम्ही आत शिरलो. लोक वळून पाहत होते. मी ओठ न हलवता पुटपुटलो, "माझ्यापायी बिचारा वाल्तेर अडकला गं."

"तुमच्यापायी नाही, मामा," तीही समोर बघत, हसरा चेहरा ठेवून म्हणाली. "मी पाठवला."

"मला आणायला. ते माहीत आहे."

"तुम्ही कधी एका जागी थांबलाय का? ट्राम दिसली की चढणार, हे मला ठाऊक होतं. पण काका इथे असते तर सव्वादोनला आईने मला त्यांच्या हाती दिलं असतं."

"आणि मी थांबलो असतो तर?"

"तर त्यांनीच तुम्हाला आणलं असतं. तुम्ही दोघंही नाही म्हटल्यावर आई मला आत पाठवणार कुणाबरोबर?"

जन्मभर शहराच्या गाड्या वळवल्याचा मला कोण अभिमान, आणि या पोरीने केस विंचरून घेता घेता काकाला मामा बनवलं होतं. तेही माझ्यासाठी. माझे डोळे भरून आले, पुढचं काही नीट दिसेना, आणि तिने माझा हात घट्ट धरून मला वाटेवर ठेवलं. वेदीपर्यंत चाळीसएक पावलं असतील. ती मी सावकाश टाकली. फादर बेंतोंनी दोनदा घड्याळ पाहिलं, पाहू दे म्हटलं.