बोसेचा मुखवटा

मोरेनिकेनं पान सोलून वाटल्या चवळीचा वाफाळता मोइनमोइन काढला, अर्धा नवऱ्याच्या हातावर ठेवला, उरलेल्याचा घास घेतला आणि विचारलं,

"मावशी, बोसेच्या किरणांचे अजून किती दिवस राहिलेत?"

"झालेत त्याहून जास्तच राहिलेत गं पोरी," बोसेची आई म्हणाली. "पण गाठ ऐकतेय म्हणतात डॉक्टर."

"वा वा," मोरेनिके म्हणाली. उरलेलं तिनं पुन्हा पानात गुंडाळलं.

ही बाई पहाटे उठून चवळी वाटायची. आपल्या मुलीसाठी उकडायची तशी या दोघांसाठीही उकडून आणायची, आणि वर म्हणायची, दुखणाईताच्या माणसानं आधी स्वतः खावं. इबादान शहरातल्या त्या इस्पितळात, किरणांच्या खोलीबाहेरच्या बाकावर, मोरेनिकेची आपुलकीनं विचारपूस करणारी तेवढी एकच होती.

दार उघडलं आणि बोसे बाहेर आली. एकोणीस वर्षांची पोर, डोक्याचा तुळतुळीत गोटा, कपाळावर आणि गालांवर मुखवट्याच्या जाळीचे ठसे.

"काका, बघा, आजही जाळ्यात सापडलेला मासा!" ती मोरेनिकेच्या नवऱ्याला, अकिनला म्हणाली. "तुमचा नंबर लागला की आपण दोघं मिळून बाजारात बसू."

अकिन हसला. त्याला उत्तर द्यायचं होतं, पण शब्द सापडला नाही. त्यानं बायकोकडे पाहिलं आणि नुसतंच म्हणाला, "अगं... ही..."

महिनाभर ती 'ही' झाली होती. लग्नापासून तो तिला अजोके म्हणायचा. ते लाडाचं नाव तिच्या आजीनं ठेवलेलं, आणि आजीमागं ते अकिनच्याच तोंडी उरलं होतं. दोन वर्षांपूर्वी किरणांनी जाळलेली अकिनच्या डोक्यातली गाठ पुन्हा उगवली आणि तिनं आधी हेच नाव खाल्लं. डॉक्टर म्हणाले होते, दुसऱ्यांदा जाळता येईल, थोडी, जपून. पण उशीर झाला की उरलीसुरली वाचाही जाईल.

आणि सगळं अडलं होतं एका मुखवट्यापाशी. डोकं केसभरही हलू नये म्हणून तो चेहऱ्यावर घट्ट बसवतात. नवे मुखवटे बंदरात अडकलेले. जुनेच गरम पाण्यात मऊ करून पुढच्याच्या तोंडावर बसवायचे, अशी तिथली रीत.

"मी तरी काय करू, ताई?" मशीनवरचा ओलायिंका तिला म्हणाला होता. "ज्याचं आधी आटपेल त्याचा तुम्हाला. नाहीतर जो यायचा बंद होईल त्याचा. आठवडाभर कुणी फिरकलं नाही की आम्ही पाणी तापवतो."

त्या दुपारी बोसेला ओकाऱ्या सुटल्या. आई तिची पाठ चोळत रडायला लागली. मोरेनिकेनं पाणी आणून दिलं, पदरानं पोरीचं तोंड पुसलं. मग सहज विचारावं तसं विचारलं,

"मावशी, हिला डोंगरावर नेलंत का कधी?"

"प्रार्थनेच्या? नाही गं. इथलं पुरं झालं की नेणार आहे."

"इथलं पुरं होईतो पोरीत काही उरायला हवं ना. बघा की, कशी चिपाड झालीय. तिकडचे झगेवाले बाबा डोक्यावर हात ठेवतात, म्हणे. आधी देवाचं करावं, मग डॉक्टरचं."

"आणि इथले दिवस बुडतील ते?"

"मुखवटा काय पळून जातोय? बोसेच्या मापाचा आहे, बोसेचाच राहणार. आल्यावर पुढं चालू."

बोसेच्या आईनं तिचे दोन्ही हात धरले. "तू माझ्या पोटची असतीस तरी एवढा विचार केला नसतास."

डोंगरावर काय होतं ते मोरेनिकेला पुरतं ठाऊक होतं. पहिल्या किरणांनंतर तीच अकिनला तिथं घेऊन गेली होती. बाबांनी गोळ्या दरीत फेकायला लावल्या, महिनोन् महिने मंतरलेलं पाणी पाजलं, आणि दोघं खाली उतरली तेव्हा गाठ परत आली होती. ते तिनं बाकावर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि जळत तर तिचंही होतं. रात्री तिला झोप आली नाही, हे खरं. सकाळी बाकावर बोसेची जागा रिकामी दिसली तेव्हा तिला हायसं वाटलं, हेही तितकंच खरं.

आठवडा गेला. ओलायिंकानं पाणी तापवलं. मुखवट्यावरची बोसेच्या नावाची चिकटपट्टी त्यानं नखानं खरवडून काढली, जाळी पाण्यात सोडली, आणि ती मऊ पडताच अकिनच्या सुजलेल्या चेहऱ्यावर दाबून बसवली. चांगली बसली.

अकिनच्या किरणांचे थोडेच दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. बाकावर बसल्या बसल्या तो एकाएकी तिच्याकडे वळला.

"अजोके," तो म्हणाला. "भूक लागली."

मोरेनिके हसली, रडली, पुन्हा हसली. त्याचा जाळीचे ठसे उमटलेला गाल कुरवाळत राहिली. तेवढ्यात कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत आणली.

खुर्चीत बोसे होती. एक डोळा मिटलेला, ओठाच्या कडेनं लाळ. अकिननं हात हलवला, तिला तो दिसला नाही. आई बाकावर टेकली. तिच्या हातात आज डबा नव्हता.

"तोंडातून शब्द फुटत नाही गं हिच्या," ती म्हणाली. "आणि मुखवटा दुसऱ्या कुणाला देऊन टाकला म्हणतात. कुणाला ते सांगत नाहीत. असू दे. त्या माणसाचं तरी भलं होवो."

मोरेनिके पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुझा दोष नाही, पोरी. तू चांगलंच सांगितलंस. मीच करंटी." बोसेच्या आईनं आवाज खाली घेतला. "बाबांनी मला कडक उपास सांगितला होता. तिसऱ्या दिवशी चक्कर आली. कुणाला बोलू नकोस... मी घोटभर चहा घेतला. बाबा म्हणाले, तिथंच सगळं फिसकटलं. तूच सांग, घोटभर चहापायी घालवली का गं मी माझी पोर?"

ती मोरेनिकेच्या तोंडाकडे बघत राहिली. 'नाही' एवढंच तिला हवं होतं. मोरेनिकेइतकं खात्रीनं ते दुसरं कुणी सांगू शकलं नसतं.

आतून ओलायिंकानं अकिनचं नाव पुकारलं.

"अजोके, चल," अकिन म्हणाला.

मोरेनिके उठली. पदर सारखा केला.

"तरीच," ती म्हणाली, आणि नवऱ्याला धरून आत गेली.