कोंबड्यांना श्रद्धांजली

इंग्रजीच्या पेपरात पास कसं व्हायचं, हे मी गेली एकोणीस वर्षं पहिल्या वर्षाच्या नऊशे मुलांना एकाच सभागृहात, मधूनमधून बंद पडणाऱ्या माइकवरून सांगत आलोय. वाचणारा कोण ते ठरवा. त्याला काय हवंय ते ओळखा. तेवढंच लिहा. थांबा. मुलं या चार गोष्टी वहीत उतरवून घेतात, पाठ करतात, आणि परीक्षेत प्रश्न कुठलाही असो, उत्तर म्हणून याच चार गोष्टी लिहून देतात.

सेनानू आगबेको त्यातला नव्हता. त्याचा आजार वेगळा होता. शेतकी शाखेचा, शेवटच्या वर्षाचा, बाकी सगळ्या विषयांत पहिल्या पाचांत. फक्त माझा पेपर पहिल्या वर्षापासून त्याला चिकटलेला. तीनदा बसला, तीनदा पडला. ऑगस्टमध्ये त्याला एका कुक्कुटपालन केंद्रावर रुजू व्हायचं होतं. नेमणुकीचं पत्र हातात होतं, आणि पदवीच्या वाटेत मी आडवा होतो. जुलैची फेरपरीक्षा ही शेवटची संधी.

मी त्याला तिसऱ्या वेळचा पेपर दाखवायला बोलावलं. प्रश्न त्याच्याच विषयातला होता : कोंबड्यांचं खुराडं कसं उभारावं, हे एखाद्या शेतकऱ्याला समजावून सांगा.

"वाच," मी म्हणालो.

त्यानं घसा साफ केला. "जड अंतःकरणाने आणि थरथरत्या लेखणीने, हक्काच्या छपराविना या मर्त्य लोकी दिवस कंठणाऱ्या त्या मुक्या, निष्पाप कोंबड्यांविषयी..."

"सेनानू, तू कोंबड्या पाळतोयस की पुरतोयस?"

"सर, भाषा भारदस्त नको का?"

"जाळी किती उंच लावायची?"

"ते तिसऱ्या पानावर आहे, सर. 'काळाने घाला घातला'च्या खाली."

मग उलगडा झाला. त्याच्या काकाचा छापखाना आहे. आमच्याकडे माणूस गेला की काही आठवड्यांनी, शनिवारी होणाऱ्या अंत्यविधीला रंगीत पुस्तिका निघते, आणि तिच्यात बायकोची, मुलांची, चर्चची, शाळासोबत्यांची अशा चार-पाच श्रद्धांजल्या तरी लागतात, त्याही इंग्रजीत. दुःखात असलेल्या माणसाला इंग्रजी सुचत नाही. मग त्या सेनानू लिहायचा, वयाच्या चौदाव्या वर्षापासून. चारशे माणसं पोहोचवल्यावर हात तसाच वळतो.

"इथे मेलेलं कुणी नाहीये," मी सांगितलं. त्यानं मान हलवली. अगदी आदरानं, शोकाकुल नातेवाइकांपुढे हलवतात तशी.

जूनच्या सुरुवातीला माझा मामा वारला. आमच्या फान्ते लोकांत मामाचं सगळं भाच्याकडे येतं, त्यात श्रद्धांजलीही आली. घरात इंग्रजीचा डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं, असं सर्वानुमते ठरलं. मी एक पान लिहिलं. मामा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याला घाई आवडायची नाही. त्यानं मला पोहायला शिकवलं आणि एकदाही हात सोडला नाही. बरं जमलंय असं मला वाटलं, म्हणून मी ते घरच्यांपुढे वाचलं.

आराबा मावशी सुईण म्हणून निवृत्त झालेली. उगाच घाबरणारी बाई नव्हे. तिनं माझ्या हातातलं पान उलटून मागची बाजू पाहिली.

"संपलं?"

"हो."

"हा काय पोलिसात दिलेला जबाब आहे का रे, कोबिना? पाच आठवडे माझा भाऊ शवागारात वाट बघतोय, ती या चार ओळींसाठी? ताकोराडीचे पाहुणे येणार आहेत. काय तोंड दाखवू मी?"

"मावशी, चांगलं इंग्रजी असंच असतं."

"मग वाईट आण. पण भरपूर आण."

पुस्तिका दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती. मी छापखान्यात गेलो. गल्ल्यामागे सेनानू मक्याची आंबट केंकी आणि तळलेला मासा खात बसला होता. हात धुऊन त्यानं माझं पान दोनदा वाचलं.

"चांगलंय, सर."

"घरच्यांनी परत पाठवलंय."

"पाठवणारच. वाचणारा कोण ते ठरवलंच नाहीत तुम्ही. हे तुम्ही परीक्षकासाठी लिहिलंय."

एकोणीस वर्षं मी ज्या वाक्यावर पोट भरतोय, ते असं माशाच्या वासासकट परत मिळालं. रागावायचं होतं, पण मावशी डोळ्यांपुढे आली. त्यानं मला विसेक प्रश्न विचारले, आणि मामाचा महावृक्ष, दीपस्तंभ, अथांग सागर असं सगळं करून दिलं. पोहण्याचं वाक्य मात्र होतं तसंच ठेवलं.

"हे का सोडलंस?"

"इथे मावशी रडतील, सर."

"आता माझं ऐक. मी मावशीला परीक्षक समजलो, तू परीक्षकाला मावशी समजतोस. पेपर तपासताना मी दुःखात नसतो."

"कधीच नाही, सर?"

"असतो, पण ते दुःख वेगळं. खुराड्याचा प्रश्न कुणासाठी होता?"

"शेतकऱ्यासाठी."

"तो मेलाय?"

"नाही, सर."

"मग आधी त्याच्या कोंबड्या जगव."

शनिवारी मांडवाखाली, शोकाच्या लाल-काळ्या कपड्यांतल्या दोनशे माणसांसमोर, मावशी बरोबर त्याच वाक्याला रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, हे नक्की कुणी लिहिलं. मी सांगितलं.

"आणि या मुलाला तू नापास केलंस?"

"तीनदा."

"अगं ऐकलंस का," ती शेजारच्या बाईला म्हणाली. ऐकलं मात्र पूर्ण रांगेनं. "सोमवारी पास कर त्याला."

"परीक्षा व्हायचीय अजून, मावशी."

"मग घे ना. अडलंय कुणाचं?"

परीक्षा जुलैत ठरल्या दिवशीच झाली. आमच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नंबर असतो. प्रश्न होता : रोगाची साथ आली असता शेतकऱ्यानं काय करावं. पहिले साठ पेपर 'वाचणारा कोण ते ठरवा' असं सुरू झाले. त्यानंतर एक आला : 'आजारी कोंबड्या आज संध्याकाळच्या आत वेगळ्या काढा. भांडी उकळत्या पाण्यानं धुवा. शेजाऱ्याला आत घेऊ नका, भावालासुद्धा नको.' सव्वा पान. दीपस्तंभ नाही, सागर नाही. ते वाचून मीसुद्धा कोंबड्या पाळू शकलो असतो. खुशीत येऊन मी वर अडुसष्ट लिहिले. पान उलटताना तळाची ओळ दिसली, वेगळी, मधोमध, सुबक अक्षरात.

'मेलेल्या कोंबड्या खोल पुरा. त्यांच्या आत्म्यास चिरशांती लाभो.'

मी एक मार्क कापला. सदुसष्ट. पास व्हायला पन्नास लागतात.

मावशीला मी तो पास झाला एवढंच कळवलं. आकडा सांगितला असता तर कापलेल्या मार्काचा जबाब द्यावा लागला असता, आणि माझे जबाब तिला आवडत नाहीत.