घरात मराठी बंद

नावाने बेबी असली तरी बेबी आता पस्तिशीला आली होती, आणि गेले काही दिवस तिला एकाच गोष्टीची धास्ती लागली होती. शाळेतल्या बहनजींनी, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, निरोप धाडला होता : सोमवारी मुलीला घेऊन या, हेडमास्टर स्वतः बघतील. काय बघतील तेही सांगितलं होतं. बेबीची संबोधी पाचवीच्या लायक आहे की नाही ते. नसली तर तिला दुसरीत बसवणार होते.

दुसरीत! दहा वर्षांची पोर, वर्गातल्या मुलींत सगळ्यांत उंच, ती दात पडलेल्या लेकरांच्या बाकावर बसणार. पाचवीला बोर्डाची परीक्षा असते, पोरं नापास झाली की शाळेचं नाव खराब होतं, म्हणून कच्ची पोरं आधीच मागे सरकवायची ही त्या शाळेची जुनी युक्ती. मागे सरकवलेल्या पोरींचं पुढे काय होतं ते बेबीच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. दोघींना असं मागे बसवलं होतं. एक लाजेने शाळेत जाईनाशी झाली आणि आता नमकीनच्या कारखान्यात शेवेच्या पुड्या भरते. दुसरीचं लग्नच लावून दिलं. शाळेने कुणाला काढलं नव्हतं हो, शाळा कशाला काढेल! पोरी आपोआप गळाल्या.

संबोधी आधी गिरणीमागच्या मराठी शाळेत होती. तिथे चौथीपर्यंत ती पहिल्या बाकावरची. मग गिरणी बंद पडली. नवं धोरण आलं, बाहेरच्या कंपन्या येणार, इंदूरचं सोनं होणार, असं पेपरात रोज छापून येत होतं. सोनं कुणाचं झालं देव जाणे, गिरणीवाल्यांचं नाही झालं. कुणी खानदेशात परतलं, कुणी विदर्भात. वर्गात बोटावर मोजण्याइतकी पोरं उरली आणि त्या शाळेलाही कुलूप लागलं, तेव्हा संबोधी या हिंदी शाळेत आली. बेबीचा नवरा देविदास पिथमपूरला ठेकेदाराकडे लागला. पहाटे बसने जायचा, अंधार पडल्यावर यायचा. सोमवारची सुट्टी माग म्हटलं तर म्हणाला, "तूच जा ना. सुट्टी मागितली तर ठेकेदार म्हणेल, कल से मत आना. मग काय करायचं?" त्याचंही खरंच होतं.

आता संबोधीला हिंदी येत नव्हती असं नाही. इंदुरात जन्मलेलं कुठलं पोर हिंदीत भांडत नाही? लंगडी खेळताना ती अशी कडकडून भांडायची की मोठी पोरं मागे हटायची. पण पुस्तकातली हिंदी वेगळी. पहिल्याच आठवड्यात तिने वर्गात उत्तर देताना मध्येच एक मराठी शब्द वापरला, सगळा वर्ग हसला, बहनजीही हसल्या. त्या दिवसापासून पोरीने शाळेत तोंडाला कुलूप घातलं.

बेबीने शेजारच्या शांताबाईला विचारलं. शांताबाईचे दोन्ही मुलगे हिंदी शाळेत शिकलेले, त्यामुळे तिचा शब्द गल्लीत वजनदार. ती म्हणाली, "माझं ऐक बेबी, घरात मराठी एकदम बंद कर. बिलकुल नाही. माझे दोघं बघ, कसे फर्राटे से बोलतात."

बेबीने ऐकलं. आईच ती, दुसरं काय करणार? त्या दिवसापासून ती लेकीशी हिंदीत बोलायला लागली. "खाना खा लो. बाल बना लो. किताब निकालो." मराठीत काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, असा तिने स्वतःला नियम घातला होता. सुरुवातीला संबोधी दचकून आईच्या तोंडाकडे बघत राही. मग ती घरातही गप्प झाली. हाक मारली की येई, सांगितलेलं करी, आणि कोपऱ्यात जाऊन बसे.

आणि मग बेबीच्या मनात ती पाल चुकचुकली. बहनजी म्हणत होत्या ते खरं तर नसेल? "बच्ची का दिमाग थोड़ा कमज़ोर है," असं त्या सरळ बोलल्या होत्या. बेबीच्या माहेरी एक चुलतकाका होता, दिवसभर अंगणात बसून मान हलवायचा, आयुष्यभर त्याला दुसऱ्याने जेवू घातलं. ते रक्तातून आलं असलं तर? आपल्याच रक्तातून? एकदा तिने संबोधीच्या पाठीमागे मुद्दाम थाळी पाडली, पोरीला ऐकू तरी येतं का बघायला. संबोधीने वळून थाळीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता थाळी उचलून ठेवली. म्हणजे कान ठीक होते, मग बहनजींचंच खरं असणार, असं बेबीला वाटलं. ही गोष्ट तिने देविदासलासुद्धा सांगितली नाही.

सोमवारी ती जीव मुठीत धरून शाळेत गेली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, हातात पोरीचा घामेजलेला हात. हेडमास्टरांच्या खोलीत पंखा करकरत होता. हेडमास्टर माणूस वाईट नव्हता, घाईत होता. घाईतल्या माणसाची बेबीला जास्त भीती वाटे. बहनजी शेजारी उभ्या होत्या.

"घर में कोई पढ़ा-लिखा है?" हेडमास्टरांनी विचारलं.

"जी, मैं छठी तक. इसके परदादा महू में फौज में थे, वो तो अंग्रेज़ी भी पढ़ते थे," बेबी म्हणाली. फौजेचं ऐकून हेडमास्टरांनी जरा मान वर केली, पण लगेच संबोधीकडे वळले.

"बताओ बेटा, पौधा अपना भोजन कैसे बनाता है?"

संबोधी गप्प.

बेबीला लेकीच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ती खाली बघू लागली, आणि तिला पोरीचा हात दिसला. फ्रॉकच्या घडीत संबोधीची बोटं एकेक करून मिटत होती. अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट.

बेबीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मराठी शाळेतल्या अरुंधतीबाईंची ही शिस्त. उत्तर नेहमी पूर्ण वाक्यात द्यायचं, बोलायच्या आधी सगळं वाक्य मनात बोटांवर मोजून बघायचं. अर्धवट उत्तर त्या बाईंना उष्ट्या ताटासारखं वाटे, परत पाठवायच्या. पोर रिकामी नव्हती. पोर आत वाक्य जुळवत होती.

"पौधा..." संबोधीने तोंड उघडलं.

"हाँ हाँ, पौधा, आगे?" बहनजी म्हणाल्या.

संबोधी थांबली. तिची बोटं उघडली, आणि पुन्हा अंगठ्यापासून मिटू लागली. मधे कुणी बोललं की ती सगळं वाक्य पहिल्यापासून रचत होती! पुन्हा "पौधा", पुन्हा बहनजींचं "जल्दी बोलो", पुन्हा अंगठा. असंच रोज वर्गात होत असणार, आणि बहनजी रोज पुढच्या मुलीला उठवत असणार.

हेडमास्टरांनी घड्याळ बघितलं, बहनजींकडे बघून मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं.

मधे बोलले तर हाकलून देतील, असं बेबीला वाटलं. पण टोपण निघालेलं तिने पाहिलं, आणि तिच्या तोंडून जे आलं ते मराठीतच आलं. "संबू, अरुंधतीबाईंकडे सांगायचीस तसं नको सांगू. पूर्ण नको. येईल तेवढं बोल. अर्धं बोल, कसंही बोल, पण थांबू नको गं!"

"आप बीच में मत बोलिए," बहनजी ओरडल्या.

संबोधीने आईकडे असं पाहिलं की जणू बऱ्याच दिवसांनी गावाहून आलेली आई दारात दिसली. आणि ती बोलली. "पौधे की पत्ती में हरितद्रव्य होता है. उसपे ऊन, नहीं, धूप पड़ती है. और पानी मुळांतून, जड़ से येतं. हवा पण लागते, वो पत्ती के छेद से जाती है. इसलिए रात को नहीं बनता, धूप नहीं ना."

"ये हरितद्रव्य क्या है?" हेडमास्टरांनी विचारलं.

"पर्णहरित बोल रही होगी, सर," बहनजी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा उतरला होता. "ये रात वाली बात तो मैंने अभी पढ़ाई भी नहीं."

हेडमास्टरांनी आणखी दोन प्रश्न विचारले. उत्तरं खिचडीच होती, पण चुकीचं त्यांत काही नव्हतं. त्यांनी टोपण परत लावलं. "छमाही तक बैठने दो पाँचवी में. पर बोर्ड में ये खिचड़ी नहीं चलेगी. कॉपी जाँचने वाला मराठी थोड़े जानता है." मग बेबीला म्हणाले, "और आप घर में हिंदी बोला करो बाई. मराठी बंद करो."

"जी," बेबी म्हणाली. अजून काय म्हणणार? लेक पाचवीत राहिली होती, तेवढ्यावर तिने हात जोडले आणि ती बाहेर पडली. सहामाही परीक्षेची भीती तिच्यासोबतच फाटकाबाहेर आली.

शाळेच्या भिंतीला लागून दोघी चालत होत्या. मग संबोधीने हळूच विचारलं, अगदी जपून, पुस्तकातल्यासारख्या हिंदीत, "माँ, अब फिर से घर में हिंदी बोलना है?"

"का गं?" बेबीच्या तोंडून मराठीच निघालं. "नाही का आवडत?"

संबोधीची बोटं पुन्हा मिटायला लागलेली बेबीने पाहिली आणि तो हात तिने आपल्या हातात धरला. "कसंही बोल म्हटलं ना मी?"

"तू हिंदी फक्त परक्यांशी बोलतेस," संबोधी म्हणाली. "दुकानवाल्याशी, कंडक्टरशी. बाबांशी नाही, शांतामावशीशी पण नाही. मग माझ्याशी बोलायला लागलीस. मला वाटलं, मी शाळेत ढ झाले म्हणून तुला आता मी नको आहे. मला कुठे तरी देऊन टाकणार असशील."

"आणि म्हणून तू गप्प बसायचीस?"

"जास्त बोलले असते तर लवकर दिलं असतंस."

बेबी रस्त्यातच उभी राहिली. इतके दिवस ती बहनजींना भ्यायली होती, हेडमास्टरांना भ्यायली होती, माहेरच्या रक्ताला भ्यायली होती. आता तिला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली. एवढीशी पोर घरात राहून, तिच्या हातचं खाऊन, रोज आपल्याला कधी देऊन टाकतात याची वाट बघत होती.

मागून शाळेची घंटा झाली. बहनजी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि इकडेच बघत होत्या. बेबीला त्या दिसल्या. तिने पदर सावरला, लेकीला जवळ ओढलं आणि बहनजींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती मराठीत बोलायला लागली, काय वाटेल ते, रात्री भाजी काय करायची इथपासून.