चढावर थिजलेली मोटर

मित्रांनो, मी एक जुनी, मुठीएवढी विजेची मोटर आहे. माझी गोष्ट मिरवण्यासारखी नाही, तरी सांगते.

रुग्णांची ने-आण करणाऱ्या एका गाडीत मी गिअर बदलायचे. त्या गाडीत क्लच दाबावा लागत नसे. वेग पाहून नियंत्रक पेटी मला हुकूम सोडायची. मग मी गर्रकन फिरून आधीचा गिअर सोडवायचे, पुढचा बसवायचे आणि नेमक्या जागी थांबायचे. डोळ्याचं पातं लवायच्या आत! गाडी चालवणाऱ्या काकांनी तीस वर्षं हातानं गिअर टाकलेले. आधी त्यांनी नाक मुरडलं, पण महिन्याभरात म्हणू लागले, "पोरगी गुणाची आहे हो!" मी हुरळून गेले.

वर्षं सरली. माझ्यात वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे झिजले. मी अडखळू लागले. काकांनी ते लगेच ओळखलं.

"साहेब, गिअर बसायला उशीर होतोय. गाडी एकदा दाखवून घेऊ."

"चालतेय ना? मग चालू द्या," व्यवस्थापक म्हणाले.

एके सकाळी दवाखान्याच्या चढावर पहिल्या गिअरचा हुकूम आला. मी दुसरा सोडला, पण पहिल्यापर्यंत पोहोचलेच नाही. मध्येच थिजले. इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि गाडी मागे घरंगळू लागली. काकांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण मागच्या बाकावरच्या आजी दांडीवर आदळल्या. त्यांचं मनगट मोडलं.

"वय झालं तुमचं! उद्यापासून येऊ नका," व्यवस्थापकांनी सगळ्यांदेखत सुनावलं. काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. चूक माझी, आणि मान त्यांची खाली! बॉनेटखाली मी लाजेनं अर्धी झाले.

तीन दिवसांनी गॅरेजमधल्या मिस्त्रीताईंनी मला खोललं. झिजलेले तुकडे तळहातावर घेऊन त्या तडक व्यवस्थापकांसमोर उभ्या राहिल्या. "हे बघा. माणसाची चूक नव्हती."

काकांना परत बोलावलं. व्यवस्थापकांनी त्यांची माफी मागितली. काका मात्र गॅरेजमधल्या कामाच्या बाकावर पडलेल्या माझ्याजवळ आले. आता शिव्या पडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी फडक्यानं मला पुसलं आणि पुटपुटले, "तुला काय बोलू? तू अडखळतेस हे मला ठाऊक होतं. गाडी बाहेर काढायलाच नको होती मी."

मग ते आजींची क्षमा मागायला निघाले. शिव्या परवडल्या असत्या, मित्रांनो.

आता माझ्या जागी नवी मोटर आहे आणि मी फळीवर. चुकल्यावर आम्हा यंत्रांना कबुली देता येत नाही. चुकण्याआधी तेवढं कुरकुरता येतं. ती कुरकुर ऐका. आणि ती ऐकून सांगायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवू नका.