आरतीच्या कव्हरातली भुताची कॅसेट

तुम्ही मला ओळखत नसाल. पण रोह्याचा पूल ओलांडून अष्टमीत या आणि आमच्या आळीत 'भुताची कॅसेट' कुणाकडं आहे ते विचारा. शेंबडं पोरही घर दाखवील. ती कॅसेट म्हणजे मी. आज मी बोलणार आहे, आणि गोड बोलणार नाही, हे आधीच सांगते.

माझ्यात गाणी नाहीत. एका भुताच्या सिनेमाला मागून जे संगीत वाजायचं, तेवढंच माझ्यात भरलंय. तो सिनेमा मी पाहिलेला नाही. आला तसा गेला म्हणतात. मी मात्र पेणच्या एका टपरीत येऊन पडले. कॅसेटी चोरीला जाऊ नयेत म्हणून टपरीवाला भिंतीवर नुसती रिकामी कव्हरं लावायचा आणि कॅसेटी खणात ठेवायचा. गिऱ्हाइकानं कव्हर दाखवलं की आतली शोधून द्यायची. माझ्या अंगावरची चिठ्ठी केव्हाच निघून गेली होती. त्यात गणपतीचे दिवस, मूर्ती न्यायला आलेल्या माणसांची ही गर्दी. शकूनं आरतीचं कव्हर दाखवलं आणि त्यात त्यानं मला कोंबलं.

शकू पेणची माहेरवाशीण. त्याच वर्षी, म्हणजे एक्क्याण्णव साली, लग्न होऊन अष्टमीला आली होती. तिसरा महिना चालू होता. नवरा जितेशनं नवीन टेप घेतलेला, म्हणून हौसेनं तिनं मला आणलं. सासरच्या पहिल्या गणपतीत आपली काहीतरी वस्तू असावी, एवढीच तिची हौस.

आरतीला आळीतली सगळी माणसं जमली. सासू गिरजाबाईंनी निरांजन लावलं. शकूनं बटण दाबलं. आधी नुसता वारा घोंगावला. माणसं हात जोडून वाट बघत राहिली. मग दार करकरलं, घुंगरू वाजलं आणि एका बाईची किंकाळी. गिरजाबाईंच्या हातातलं तबक पडलं. पोरं रडायला लागली. कुणीतरी टेपची वायरच ओढली.

झालं. पुढचं कुणी ऐकलंच नाही. पहिल्या मिनिटावर माझा निकाल लागला. थोरली जाऊ शांती सगळ्यांदेखत म्हणाली, "पेणवरनं गणपती आणतात, हिनं भूत आणलं."

शकू खाली मान घालून रडली, आणि राग काढला माझ्यावर. इतकं घाण संगीत माणूस करतोच कशाला, म्हणाली. विसर्जनाच्या दिवशी निर्माल्याच्या पिशवीत घालून मला कुंडलिकेत सोडायला निघाली होती. जितेशनं काढून घेतलं, वरून भजन भरू म्हणाला. मला बिस्किटाच्या डब्यात टाकलं. तिथं अंधारात मी डूख धरून बसले. म्हटलं, शकू, एक दिवस तुला पूर्ण ऐकायला लावीन. आणि त्या शांतीलाही.

मार्चमध्ये मृणाली झाली. पोर नाजूक. उशिरा बोलायला लागली. कंपनीचा भोंगा झाला की कान दाबून धरायची, कुकरची शिट्टी झाली की आईच्या पदरात शिरायची. शांतीला आयतंच मिळालं. पोटात असताना भुताचं ऐकलंय, ही भुतानं झपाटलेली पोर, असं ती पाणवठ्यावर, दुकानात, जिथं जाईल तिथं सांगायची. गौरीत आळीतल्या बायका-मुली फेर धरायच्या. शांतीची ऋतुजा मधोमध नाचायची. मृणाली पुढं झाली की शांती तिला हळूच बाजूला सारायची, "राहू दे गो, बिचकते ती." फार मायेनं सारायची, म्हणून कुणाला त्यात वावगं दिसलं नाही.

रोह्याच्या डॉक्टरनं पोर ठणठणीत आहे म्हणून सांगितलं होतं. तरी शकू चोरून अंगारा आणायची. कारण खरी गोष्ट ही, की शांतीचं बोलणं तिला स्वतःलाच पटलं होतं. पोर झोपली की तिच्या छातीवर हात ठेवून ती बघत बसायची. आपण हौसेनं बटण दाबलं आणि पोरीचं वाटोळं केलं, हे तिच्या मनातून जात नव्हतं. डब्यातून मला सगळं ऐकू यायचं. ते माझ्यावर आणखी एक बालंट.

मग जितेश डोलवीच्या कारखान्यात ठेक्यावर कामाला लागला आणि तिकडंच राहू लागला. रविवारी तेवढा यायचा. मृणालीनं शाळेत कविता म्हटली, ती त्याच्यासाठी भरून ठेवावी असं शकूच्या मनात आलं. रिकामी कॅसेट घरात नव्हती, म्हणून तिनं मला काढलं. माझ्यावर कोरी जागा आहे का, ते बघायला दुसरी बाजू लावली. मृणाली शाळेत गेलेली होती, म्हणून तिनं धाडस केलं.

दुसऱ्या बाजूला किंकाळी नाही. सारंगी आहे, आणि एक बाई नुसती गुणगुणते. मध्येच थांबते, कान देते, कुणी आलं का बघते, परत गुणगुणते. शकू निवडायला घेतलेले तांदूळ तसेच ठेवून बसली. तिला आवाज ओळखीचा वाटला. शाळेची पोरं यायची वेळ टळून गेली की दारात उभं राहून तिचं स्वतःचंही हेच चालायचं. जितेशची गाडी चुकली की हेच. मग तिनं मला उलटून पहिली बाजू लावली. किंकाळी आली. ह्या वेळी तिनं बटण बंद केलं नाही. किंकाळीमागून त्याच बाईचं गुणगुणणं आलं, तुटक, रडवं. ती किंकाळी भुताची नव्हतीच. हातातून पोर सुटलेल्या आईची होती. इतकी वर्षं मी ओरडून तेच सांगत होते.

तेवढ्यात मृणाली दारात. शकूनं घाईनं हात पुढं केला, पण पोरीनं कान दाबले नाहीत. दप्तर काढलं, टेपला टेकून बसली आणि संपल्यावर म्हणाली, परत लाव.

शकू रडली. मला वाटलं, आता माझी माफी मागेल. मागितली नाही. फक्त कविता माझ्यावर भरली नाही.

त्या वर्षी गौरीच्या जेवणानंतर बायका ओटीवर लवंडल्या होत्या. शांती म्हणाली, शकू, डोळा लागेल असं काहीतरी लाव. शकूनं माझी दुसरी बाजू लावली. हळूहळू बोलणं थांबलं. गिरजाबाईंनी पदरानं डोळे पुसले. भात सडताना त्यांची आई अशीच गुणगुणायची म्हणे. शांती डोळे मिटूनच म्हणाली, "कुठली गो ही? देवळातली वाटते. माझ्या ऋतुजाला भरून दे."

शकूनं बाजू संपू दिली. मग म्हणाली, "तीच हाय ही, जाऊबाय. गणपतीपुढं लागली ती."

"कायतरीच."

शकूनं मला उलटून आवाज मोठा केला. वारा, दार, घुंगरू, किंकाळी. शांती किंचाळून उठली, पानाचा तोबरा साडीवर सांडला. बायका एकमेकींना बिलगल्या. ऋतुजा आईच्या मागं लपली. मृणाली खांबाला टेकून गौरीची वेणी गुंफत होती, तिचा हात थांबला नाही.

"बघा," शकू म्हणाली, "बिचकलं कोण? आता तुम्ही पन ऐकलाव, ऋतुजानं पन ऐकलंय. माझ्या पोरीला झालं म्हनता ते तुमच्या पोरीला पन झालं. सांगा आता आळीत."

शांती पदरानं साडीवरचा डाग पुसायला लागली. गिरजाबाई उठल्या. संध्याकाळी फेर धरताना त्यांनी मृणालीला मध्ये घेतलं आणि तिचा एक हात शांतीच्या हातात दिला. शांतीला तो धरावा लागला.

आता माझी फीत झिजलीय. सारंगीच्या जागी आवाज अडखळतो. फार दिवस चालेन असं नाही. एवढंच मागते, कुणाला टाकून द्याल तर आधी शेवटपर्यंत ऐका. शकूला मी माफ केलेलं नाही. ती रोज मला लावते, ते बरं आहे.

टेप खिडकीत असतो. नळावर जाताना शांतीला तिथूनच जावं लागतं. ती पदर कानावर ओढते आणि पाय उचलते. मी आवाज चढवत नाही. तिला ऐकू जातं तेवढं मला पुरे आहे.